उतारा कमी का बसला?

भाऊच्या धक्क्यावरून मोरा बंदराकडे जाणाऱ्या लाँचमध्ये ज्यांनी एकदा तरी पाय ठेवला आहे, त्यांनी एक गोष्ट नकळत पाहिलेली असते. धक्क्याला लागलेली रिकामी लाँच पाण्यावर उंच बसलेली असते. माणसे चढू लागतात, मागोमाग टोपल्या, पिशव्या, सायकली येतात आणि लाँच बोटाबोटाने खाली उतरते. मोरा बंदरात माणसे उतरली की ती पुन्हा वर येते. यात नवल काहीच नाही. पण हीच लाँच खाऱ्या पाण्यातून काढून गोड्या पाण्यात सोडली, तर माणूसही न वाढता ती थोडी अधिक खाली बसेल. खारे पाणी जड, म्हणून ते बोटीला जास्त उचलून धरते. मोठ्या जहाजांच्या कुशीवर ज्या भाररेषा रंगवलेल्या असतात, त्यांत गोड्या पाण्यासाठी वेगळी रेघ असते ती याच कारणाने.

बोट किती बुडते यावरून पाणी किती जड आहे हे सांगणारे यंत्र म्हणजे हायड्रोमीटर. तळाशी वजन घातलेली काचेची नळी आणि तिच्या मानेवर आकडे, एवढाच त्याचा संसार. दूधवाल्याच्या किटलीत पाणी किती, हे सांगणारा लॅक्टोमीटर हा त्याचाच भाऊ. उरण परिसराने ही काचेची होडी पूर्वीपासून पाहिलेली आहे. इथल्या मिठागरांत खाऱ्या पाण्याचा दाटपणा बोमे नावाच्या फ्रेंच रसायनज्ञाच्या अंशांत मोजता येतो. साधारण पंचवीस अंशांच्या आसपास मीठ धरू लागते. एकोणिसाव्या शतकात मुंबईला मोहाची दारू पुरवणाऱ्या भट्ट्या उरणला होत्या आणि तो माल मोरा बंदरातून गलबतांनी जाई. १८७८ चा आबकारी कायदा आला आणि दारूच्या प्रत्येक गॅलनच्या कडकपणावर सरकारची नजर बसली. आबकारी खात्याचा माणूस एका हातात हायड्रोमीटर आणि दुसऱ्या हातात थर्मामीटर घेऊन बसे. नुसत्या हायड्रोमीटरवर भागत नसे, कारण ऊन लागले की द्रव फुगतो, हलका होतो आणि काटा खोटे बोलू लागतो. थर्मामीटर पाहायचा, कोष्टकात दुरुस्ती शोधायची आणि मगच आकडा लिहायचा, असा रिवाज होता.

हे सगळे आठवण्याचे कारण एक फोन. माझा एक भाचा नोकरीनिमित्त मँचेस्टरजवळ असतो. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी बिअर आंबवणे हा गुन्हा आहे. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरच्यापुरती बिअर करायला परवाना लागत नाही. तेव्हा या गृहस्थाने हौसेने तेवीस लिटर हलकी एल करायला घेतली. माल्टचा अर्क उकळला, हॉप्सची कडवट फुले घातली, वरून गार पाणी ओतून पिंप भरले आणि हायड्रोमीटर बुडवला. पुस्तकाप्रमाणे आकडा यायला हवा होता १.०४०, म्हणजे पाण्याच्या १.००० पेक्षा चाळीस अंक वर. आला १.०३२. एवढ्या पातळ काढ्याची बिअर कसली होणार, म्हणून त्यात अर्धा किलो साखर ओतू का, असे त्याने मामाला रात्री विचारले. गुऱ्हाळावर जसा उतारा कमी बसला की मालकाचा चेहरा उतरतो, तसा त्याचा आवाज उतरला होता.

मी त्याला म्हटले की साखरेच्या डब्याला हात लावू नकोस. आधी तुझ्याच गावच्या एका माणसाची हकीकत ऐक. त्याचे नाव आपल्याकडे शाळेतल्या प्रत्येक मुलाला पाठ असते, पण एककाचे नाव म्हणून. तो माणूस होता आणि दारूच्या भट्टीत वाढलेला होता, हे फारसे कुणाला ठाऊक नसते.

जेम्स प्रेस्कॉट ज्यूल याचा जन्म २४ डिसेंबर १८१८ रोजी मँचेस्टरला चिकटून असलेल्या सॅलफर्ड गावात झाला. बाप बेंजामिन ज्यूल हा सधन बिअर उत्पादक. पोरगा लहानपणापासून नाजूक, पाठीच्या कण्याचे दुखणे असलेला आणि बुजरा. त्यामुळे शाळेऐवजी घरीच शिक्षण. १८३४ मध्ये बापाने त्याला आणि त्याच्या भावाला अणुवादाचा जनक जॉन डाल्टन याच्याकडे शिकायला पाठवले. म्हाताऱ्या डाल्टनने बराच काळ अंकगणित आणि भूमितीच घोटून घेतली. रसायनशास्त्राला कुठे हात लागतो न लागतो तोच १८३७ मध्ये डाल्टनला पक्षाघाताचा झटका आला आणि शिकवणी संपली. ज्यूलचे औपचारिक शिक्षण म्हणायचे ते एवढेच. विद्यापीठाची पायरी तो विद्यार्थी म्हणून चढला नाही आणि पुढे प्राध्यापक म्हणूनही नाही.

मग शिकला कुठे? उत्तर भट्टीत सापडते. बिअरचा धंदा हा वरवर पाहता स्वयंपाकघरातला, पण एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधल्या मोठ्या भट्ट्यांत थर्मामीटर आणि साखर मोजणारा हायड्रोमीटर रुळले होते. मोड आणून भाजलेली बार्ली भरडून गरम पाण्यात तासभर मुरवली की तिच्यातल्या पिष्टाची साखर होते. हे पाणी साधारण ६५ ते ६८ अंश सेल्सियस असावे लागते. जास्त तापले तर साखर करणारी विकरे मरतात, गार राहिले तर काम अर्धवट राहते. म्हणजे पाच अंशांची चूक आणि पिंपभर माल पातळ. आपल्याकडची सुगरण एकतारी पाक आणि दोनतारी पाक यातला फरक चिमटीत ओळखते, तसे भट्टीवाल्याला उष्णतेचे बारीक भेद ओळखावे लागत. फरक एवढाच की इथे चिमटीच्या जागी काच होती आणि काचेवर आकडे होते. १९९५ मध्ये ओटो सिबुम या विज्ञान-इतिहासकाराने ज्यूलचे प्रयोग जुन्याच साधनांनी पुन्हा करून पाहिल्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. खोलीत माणसाच्या अंगाची ऊब वाढली तरी हे प्रयोग बिघडतात, आणि ज्यूलकडे असलेले कसब भट्टीच्या संस्कारातून आलेले होते, असा त्याचा निष्कर्ष होता.

ज्यूल दिवसा भट्टीचे काम बघे आणि उरलेल्या वेळी घरच्या प्रयोगशाळेत रमे. विशीत त्याला विजेच्या मोटरीचे वेड लागले. वाफेचे इंजिन जाऊन त्या जागी विजेची मोटर येईल, मग कोळशाचा खर्च वाचेल, असे स्वप्न त्या काळी अनेकांना पडत होते. ज्यूलने मोजमाप केले. बॅटरीत एक पौंड जस्त जळते तेव्हा मिळणारे काम हे चांगल्या वाफेच्या इंजिनात एक पौंड कोळसा जाळून मिळणाऱ्या कामाच्या सुमारे पाचवा हिस्सा निघाले. वर जस्त कोळशापेक्षा कितीतरी महाग. उतारा कमी बसला. दुसरा कुणी असता तर त्याने मोटर सुधारायचा हट्ट धरला असता किंवा नाद सोडला असता. ज्यूलने वेगळाच प्रश्न विचारला. ही शक्ती जाते कुठे?

ती उष्णतेत जाते, हे त्याला १८४० मध्ये दिसले. तारेतून वीज वाहते तेव्हा निर्माण होणारी उष्णता विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हा आज ज्यूलचा नियम म्हणून आपण पाठ करतो. रॉयल सोसायटीने त्या निबंधाचा फक्त सारांश छापला. सॅलफर्डच्या बिअरवाल्याला त्याहून अधिक जागा देण्याची त्यांना गरज वाटली नाही.

मग त्याने आयुष्यभराचा प्रश्न हाती घेतला. त्या काळी बहुतेक शास्त्रज्ञ उष्णतेला एक न दिसणारा द्रव मानत. तो नवा निर्माण होत नाही, एका वस्तूतून दुसरीत वाहतो एवढेच. ज्यूलचे म्हणणे असे की उष्णता ही गतीच आहे. काम खर्ची घातले की उष्णता होते आणि त्या दोघांमधला हिशेब कायमचा ठरलेला असतो. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायला किती पौंडांचे वजन एक फूट खाली यावे लागेल, हा त्याचा आकडा. १८४३ च्या ऑगस्टमध्ये आयर्लंडमधल्या कॉर्क येथे भरलेल्या ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात त्याने तो मांडला. पाण्यात फिरणाऱ्या विद्युतवेटोळ्यावरून काढलेली ती सरासरी होती ८३८. श्रोत्यांनी फारशी दाद दिली नाही. आणि खरे सांगायचे तर दाद द्यावी असा तो आकडा दिसतही नव्हता, कारण एकेका प्रयोगातली उत्तरे ५८७ पासून १०४० पर्यंत पसरलेली होती.

इथे ज्यूलचा स्वभाव कळतो. त्याने वाईट दिसणारे आकडे झाकले नाहीत. सगळे छापले आणि पुन्हा कामाला लागला. बारीक छिद्रांतून पाणी दाबून पाहिले तेव्हा आकडा आला ७७०. हवा दाबून पाहिली तेव्हा ८०० च्या अलीकडे-पलीकडे. हा हवेचा निबंध रॉयल सोसायटीने नाकारला, तो १८४५ मध्ये दुसऱ्या नियतकालिकात आला. त्याच वर्षी पाण्यात वल्ह्यांचे चक्र फिरवून केलेल्या पहिल्या प्रयोगात ८९० आले. १८४७ मध्ये सुधारलेल्या चक्राने ७८२ च्या आसपास. प्रत्येक वेळी तो आधी स्वतःच्या साधनाला प्रश्न विचारी. उष्णता भांड्याच्या भिंतीतून निसटते का? दोरीच्या घर्षणात किती गेले? खोलीची हवा किती बदलली? मँचेस्टरचा कारागीर जॉन डान्सर याच्याकडून त्याने थर्मामीटर करून घेतले आणि त्यांवर अंशाचा दोनशेवा भाग वाचण्याचा सराव केला. एवढा बारीक भेद खरोखर वाचता येतो यावर पुष्कळांचा विश्वास बसला नाही.

१८४७ च्या एप्रिलमध्ये त्याने मँचेस्टरच्या एका चर्चच्या वाचनालयात आपला सिद्धान्त सामान्य लोकांपुढे मांडला आणि त्याचा भाऊ ज्या मँचेस्टर कुरिअर या वृत्तपत्रात संगीतावर लिहीत असे, त्याने ते व्याख्यान छापले. ऊर्जेच्या अक्षय्यतेसारखा सिद्धान्त दैनिकाच्या पानातून जगापुढे यावा, ही गोष्ट रविवारची पुरवणी वाचणाऱ्यांना सुखावणारी आहे. दोनच महिन्यांनी ऑक्सफर्डच्या अधिवेशनात त्याला थोडक्यात आटपायला सांगण्यात आले. यावेळीही विषय तसाच विरून गेला असता, पण श्रोत्यांत तेविशीच्या आसपासचा विल्यम थॉमसन होता, जो पुढे लॉर्ड केल्विन झाला. त्याला हे पटले नाही. पण विसरताही आले नाही.

त्याच ऑगस्टमध्ये ज्यूलचे अमेलिया ग्राइम्स हिच्याशी लग्न झाले आणि जोडपे आल्प्समध्ये मधुचंद्राला गेले. वाटेत थॉमसनची गाठ पडली. धबधब्याचे पाणी वरून खाली आदळते तेव्हा ते किंचित तापले पाहिजे, हे मोजायचा ज्यूलचा बेत होता. पाण्याचे तुषार इतके उडाले की मोजमाप काही साधले नाही. थॉमसनने म्हातारपणी ही आठवण बरीच रंगवून सांगितली, असे म्हणतात. पण मैत्री खरी होती. दाबलेला वायू सच्छिद्र अडथळ्यातून मोकळा सुटला की गार होतो, हा परिणाम दोघांनी १८५२ पासून पुढे दहा वर्षे तपासला. वायूंचे द्रवीकरण करणारी यंत्रे त्यातूनच निघाली.

१८५० मध्ये रॉयल सोसायटीने त्याचा मोठा निबंध छापला. तळघरातल्या स्थिर हवेत दोन वजने सुमारे त्रेसष्ट इंच खाली येत, वल्ह्यांचे चक्र फिरवीत. ती पुन्हा वर नेऊन हे वीस वेळा केले की पाणी जेमतेम अर्धा अंश फॅरनहाइट तापे. असे चाळीस प्रयोग केवळ पाण्यावर. आकडा निघाला ७७२. तरीसुद्धा घर्षणात कामाची उष्णता होते हे स्पष्ट सांगणारे विधान समितीच्या इच्छेखातर त्याला गाळावे लागले. आकडा स्वीकारला आणि त्याचा अर्थ बाहेर ठेवला, असा तो प्रकार. हाच विचार जर्मनीतल्या ज्युलियस मेयर या डॉक्टरने १८४२ मध्ये स्वतंत्रपणे मांडला होता, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. त्यावरून पुढे वादही झाले. मेयरकडे कल्पना आधी होती. ती तोलून दाखवण्याचे कष्ट ज्यूलचे होते.

१८५४ हे साल त्याला जड गेले. अमेलिया वारली. मागे दोन लहान मुले. त्याच सुमारास भट्टीही विकली गेली. उरलेले आयुष्य त्याने घरे बदलत, स्वतःच्या पैशाने प्रयोग करत काढले. वायूंच्या प्रयोगासाठी आणलेल्या वाफेच्या इंजिनाचा आवाज शेजाऱ्यांना खपला नाही, म्हणून एकदा बिऱ्हाड हलवावे लागले. १८७५ नंतर पैसा आटला आणि १८७८ मध्ये सरकारने त्याला वर्षाला दोनशे पौंडांचे निवृत्तिवेतन बांधून दिले.

आता तो भाग, ज्यासाठी मी भाच्याला ही गोष्ट सांगत होतो. १८६७ मध्ये ब्रिटिश असोसिएशनच्या समितीने ठरवलेले विद्युतरोधाचे नवे एकक वापरून ज्यूलने तोच आकडा विजेच्या मार्गाने काढला. ७७२ यायला हवा होता, आला ७८३ च्या जवळ. फरक दीड टक्क्याहूनही कमी. एखाद्याने सरासरी काढून मोकळे व्हावे असाच. ज्यूलने तसे केले नाही. दोन्ही आकडे समोर ठेवले आणि समितीच्या विनंतीवरून साठीच्या घरात पुन्हा वल्ह्यांचे चक्र उभे केले. १८७८ मध्ये उत्तर आले ७७२.५५. मग दोष कुणाचा? लॉर्ड रॅली याने पुढच्या काही वर्षांत दाखवून दिले की समितीचे एककच एक टक्क्याहून अधिक लहान होते. माल बरोबर होता, माप खोटे होते.

भाच्याला मी एवढेच विचारले की हायड्रोमीटर बुडवला तेव्हा काढा किती गरम होता. थर्मामीटर लावल्यावर ३५ अंश सेल्सियस निघाले. त्याचा हायड्रोमीटर २० अंशांसाठी आखलेला. त्या गरमीत द्रव हलका होऊन काच साधारण चार अंक अधिक बुडते, म्हणजे १.०३२ चे झाले १.०३६. दुसरा प्रश्न, वरून ओतलेले गार पाणी नीट ढवळले होते का. नव्हते. दाट अर्क तळाशी आणि पातळ पाणी वर, नमुना घेतला वरचा. निर्जंतुक डावाने खालपासून ढवळून आणि २० अंशांपर्यंत गार करून पुन्हा मोजले तेव्हा आकडा १.०३८ आला. तिसरा प्रश्न पिंपात किती लिटर आहे. पाहिले तर तेवीसऐवजी चोवीस. एक लिटर पाणी जास्त पडले होते. चोवीसला अडतीसने गुणा आणि तेवीसला चाळीसने गुणा. दोन्ही उत्तरे जवळपास तीच येतात. साखर कुठे हरवलीच नव्हती.

खरोखरच उतारा कमी असता तर? समजा तेवीस लिटर खरेच १.०३२ भरला असता, तर तीन वाटा होत्या. यीस्ट घालण्यापूर्वी उकळून साडेचार लिटरच्या वर पाणी उडवायचे, म्हणजे साडेअठरा लिटरपेक्षा थोडा कमी पण १.०४० चा काढा उरतो. नाहीतर सुमारे अर्धा किलो माल्टची पूड थोड्या पाण्यात उकळून मिसळायची. साखरेनेही आकडा वर येतो, पण साखर पूर्ण आंबून जाते आणि बिअर पाणचट लागते. तिसरी वाट म्हणजे काहीच न करणे. १.०३२ चा काढा आंबून १.००८ वर थांबला तर सुमारे तीन टक्के मद्यार्काची बिअर होते. हलकी एल हलकी झाली म्हणून रडायचे काय? आणि यीस्ट एकदा कामाला लागले की झाकण उघडून ढवळाढवळ करणे हे सर्वांत वाईट. जो बार्ली स्वतः भरडतो त्याने मात्र पुढच्या वेळी भरड किती जाड होती आणि मुरवण्याचे पाणी किती तापले होते, याची वहीत नोंद ठेवावी. वही नसेल तर दोष शोधता येत नाही, नशिबाला बोल लावता येतो एवढेच.

या नोंदीला इंग्लंडात पैशाचेही मोल होते. १८८० मध्ये ग्लॅडस्टनने माल्टवरचा कर काढून काढ्याच्या मूळ विशिष्ट गुरुत्वावर कर बसवला; १.०५७ हे तेव्हाचे प्रमाण. हायड्रोमीटरची एक रेघ इकडेतिकडे झाली की सरकार तरी बुडे किंवा भट्टीवाला तरी. उरणच्या आबकारी कचेरीत काय आणि सॅलफर्डमध्ये काय, काचेच्या त्या छोट्या होडीवर पुष्कळांचे पोट अवलंबून होते.

ज्यूल ११ ऑक्टोबर १८८९ रोजी सेल या गावी वारला. त्याच वर्षी पॅरिसच्या विद्युत परिषदेने ऊर्जेच्या एककाला त्याचे नाव दिले. मँचेस्टरच्या नगरभवनाच्या दारात एका बाजूला डाल्टनचा पुतळा आहे, दुसऱ्या बाजूला त्याच्या शिष्याचा. पण मला त्याची समाधी अधिक आवडते. तिच्यावर एक आकडा कोरलेला आहे, ७७२.५५. आजच्या हिशेबाने तो चुकीचा आहे. खरा आकडा ७७८ च्या घरात आहे. अमेरिकेच्या हेन्री रोलँडने १८७९ मध्येच दाखवले की ज्यूलच्या पाऱ्याच्या थर्मामीटरचे अंश हवेच्या थर्मामीटरशी तंतोतंत जुळत नाहीत. म्हणजे ज्याने जन्मभर इतरांच्या मापातला दोष शोधला, त्याच्या स्वतःच्या मापातही एक बारीक दोष राहून गेला होता. तरी तो दोष पुढच्या माणसाला सापडला, कारण ज्यूलने आपली साधने आणि आपले सगळे आकडे, चांगले-वाईट दोन्ही, जसेच्या तसे मागे ठेवले होते. आवडते आकडे तेवढे ठेवून बाकीचे पुसले असते, तर दुरुस्तीला जागाच उरली नसती.

आपल्याकडे परीक्षेचा निकाल अपेक्षेपेक्षा कमी आला, शेताचा उतारा कमी बसला, पोराचे वजन तक्त्याहून कमी भरले, की आपण लगेच साखरेचा डबा शोधायला धावतो. आधी माप तपासावे, हे सुचायला थंड डोके लागते. ते ज्यूलकडे होते.

भाच्याची बिअर पंधरा दिवसांनी झाली. कशी झाली ते मला सांगता येणार नाही, कारण मी मोऱ्यात आणि ती मँचेस्टरला. पण त्याने एक वही घातली आहे आणि तिच्या पहिल्या पानावर १.०३२ हा आकडा खोडून न टाकता तसाच ठेवला आहे. शेजारी लिहिले आहे, ३५ अंश, न ढवळता, एक लिटर पाणी जास्त. पुढच्या वेळी धक्क्यावर लाँच भरताना मी तिच्या कुशीकडे पाहीन तेव्हा मला ते पान आठवेल.